मैदान नाही द्यायचं

माझा उजवा हात कोपरात पुरता वाकत नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लहानपणी चिंचेवरून पडलो, हाड मोडलं, गावच्या वैदूनं बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला आणि पोळा होईपर्यंत सोडलाच नाही. हाड जुळलं, पण सांधा आखडून गेला. वखर धरता येतो, विळा चालतो, बैलाची वेसण ओढता येते. घास मात्र तोंडापर्यंत पोचत नाही. हात अर्ध्या वाटेत थांबतो आणि उरलेली वाट मानेला चालावी लागते. पंगतीत बसलो की शेजारचे हसत. म्हणत, पहा, बैलानं गव्हाणीत तोंड घातलं. गावानं माझं नाव वासा ठेवलं. छपराला असतो तो वासा, सरळ अन् ताठ. आईबापानं ठेवलेलं नाव लग्नाच्या दिवशी भटजीनं घेतलं तेव्हा माझेच दोस्त इकडंतिकडं पाहू लागले, हा कोण म्हणून.

माझ्या बायकोचं नाव तुळसा. ती जिवंत होती तोवर हे नाव मी तोंडातून काढलं नाही. आमच्यात नवरे बायकोचं नाव घेत नसत. 'ऐकलं का' म्हटलं की तिनं वळून पाहायचं. आता ऐकणारं कोणी नाही म्हणून नाव लिहितो. तुळसा बोरी अरब गावची. नांदायला आली तेव्हा पहिले काही दिवस चुलीपाशी बसून नुसती माझं जेवण पाहत होती. हसली नाही, की कीव केली नाही. मग एका सकाळी तिनं दाणे मोजायची पायली कोठीतून आणली, माझ्यापुढं पालथी घातली आणि तिच्यावर ताट ठेवलं. ताट वर आलं, घास जवळ आला. जन्मात पहिल्यांदा मी मान न वाकवता भाकर खाल्ली. अंबाडीची भाजी होती, वर लसणाची फोडणी. ती चव मी विसरलो नाही.

माय म्हणाली, "हे काय नवीन काढलं वं? लक्ष्मीचं माप हाये ते."

तुळसा भाकर थापता थापता म्हणाली, "मापच हाये आत्याबाई. दाणे शेवटी त्याहीच्याच पोटात जातेत."

मायला हसू आलं, पण तिनं तोंड फिरवून घेतलं. पायली तिथंच राहिली.

आमचं गाव बाभुळगावच्या पुढं, धामणगावच्या वाटेवर. तेव्हा यवतमाळला रेल्वे नव्हती. सगळा कापूस बैलबंड्यांत भरून धामणगावच्या टेसनाला जायचा आणि वाटेत आमच्या गावाच्या शिवेवर जिन आणि पेच होता. जिनात सरकी निघायची, पेचात रुई दाबून गठाण बांधायची. वाफेचं इंजन होतं, त्याचा भोंगा होता आणि गाव त्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं, चूल पेटवायचं. हंगामात मी अन् माझा बाप पेचाच्या पेटीत उतरून पायानं रुई तुडवायचो. अंगावर लंगोट, नाकातोंडाला फडकं. रुई मऊ असते असं ज्यानं ती तुडवली नाही तोच म्हणतो. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. भुवयांत रुई, कानात रुई, घरी आल्यावर भाकरीतसुद्धा रुई. तुळसा आणि गावच्या बाया जिनावर. सांजेला सगळा गाव पांढरा होऊन परत यायचा, जसा काही कोणी पिठात बुचकळून काढला.

पेचावरचा गोरा साहेब, त्याला आम्ही इंजनसाहेब म्हणायचो. लाल तोंडाचा, एकटा माणूस. बायकापोरं विलायतेत. संध्याकाळी भोंगा झाला की तो पेचाच्या आवारात तीन काठ्या रोवायचा, हातात फळी घेऊन उभा राहायचा आणि आम्हाला चेंडू टाकायला सांगायचा. कावळ्याला दगड मारावा तसे सगळे फेकायचे. साहेब ओरडायचा, "नो! नो!" कोपर वाकवून फेकायचं नाही, हात सरळ वरून आणायचा, असा त्या खेळाचा कायदा. तो कोणाला जमेना. एक दिवस त्यानं मला बोलावलं. माझा हात वाकतच नव्हता तर मी कायदा मोडणार कसा? चेंडू हातातून सुटला तो मधल्या काठीवर. साहेब जवळ आला. जनावरांच्या बाजारात बैलाचे दात पाहतात तसा त्यानं माझा कोपर दाबून पाहिला, वाकवून पाहिला, आणि एकटाच हसत सुटला. ज्या हातावर गाव हसलं होतं त्याच हातावर साहेबही हसला, पण हसण्या-हसण्यात फरक असतो.

साहेबानं सरावासाठी एक चेंडू माझ्याजवळ दिला. लाल, गच्च शिवलेला. मायनं तो पाहिला आणि दारातच आडवी आली. "मेल्या ढोराचं कातडं चुलीच्या घरात? बाहेर!" मग चेंडू गोठ्यात, शिंक्यात टांगला. त्याला शिवलं की हातपाय धुवायचे, अंगावर पाणी शिंपडायचं, मग उंबरा. चेंडूची शिवण उसवली की मोची येऊन शिवून द्यायचा. तो अंगणाच्याही बाहेर बसायचा. हे लिहिताना आता माझी मलाच चीड येते, पण घर तसंच होतं, खोटं काय लिहू. तुळसानं एकदाच विचारलं, "आत्याबाई, मोट कायची असते?"

"कायची म्हणजे? चामड्याची."

"मंग तिचं पाणी पेतो ना आपण."

"तू भाकर पाह्य, जळून राह्यली," माय म्हणाली. भाकर जळत नव्हती.

आता त्या शब्दाचं सांगतो, ज्याच्यापायी हे सारं झालं. खेळात एकाच माणसानं लागोपाठ ठरलेले चेंडू टाकायचे असतात. त्यात समोरच्याला एकही धाव काढता आली नाही तर साहेब खुशीत ओरडायचा, "मेडन!" आजची शाळेतली पोरं सांगतील की मेडन म्हणजे कोरं षटक. आम्हाला कोण सांगणार? आम्ही ऐकलं मैदान. मैदान मारलं असं आपण म्हणतोच, मग साहेबही तेच म्हणतो, ह्यात शंका घेण्यासारखं काय होतं. समोरच्याला काही मिळालं नाही, मैदान आपलं राहिलं. साहेब ओरडला की आवाराच्या भिंतीवर बसलेला गाव त्याच्यामागं ओरडायचा, "मैदान!" साहेबाला वाटे गाव इंग्रजी शिकला. गावाला वाटे साहेब मराठी शिकला. दोघंही खुश.

मग ते वाईट वर्ष आलं. विलायतेत कापूस कोणी घेईना म्हणत. कोणी म्हणे अमेरिकेचा फार आला, कोणी म्हणे गिरण्या बंद आहेत. आम्हाला एवढंच दिसे की गठाणी बाहेर जाईनात. आवारात एकीवर एक चढत गेल्या, खेळायची जागा आक्रसली. दलाल यायचे बंद झाले. लोकांच्या घरात कापूस आढ्याला टेकला, लेकरं त्याच्यावरच झोपू लागली. भोंगा आधी उशिरा व्हायला लागला, मग एखाद्या दिवशी व्हायचाच नाही, आणि त्या दिवशी बाया चुलीपाशी नुसत्या बसून राहायच्या, जसं काही कोणी चूल पेटवायचं सांगितलंच नाही. घरात भाकरीच्या जागी कण्या आल्या. माय कण्यांत पाणी वाढवत गेली. तुळसा मात्र ताट पायलीवरच ठेवी, त्यात काही असो-नसो.

अशात बातमी आली की मुंबईहून मोठा साहेब येणार. तो पाहून ठरवणार, इंजन चालू ठेवायचं की विझवायचं. आणि तो ह्या खेळाचा वेडा आहे. इंजनसाहेबानं यवतमाळचे दोनचार गोरे बोलावले, मोठ्या साहेबाला तिकडून घेतलं आणि आपल्या बाजूनं आम्हाला उभं केलं. त्या सकाळी तो माझ्यापाशी आला. खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यानं कधी ठेवला नव्हता.

"वासा, आज बडा साहब खेलेगा. बडा साहब को मेडन नहीं. समझा? नो मेडन."

"समजलो साहेब," मी म्हणालो. "मैदान नाही द्यायचं."

"हां! मेडन नहीं!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरल्यासारखे झाले. तो मला सांगत होता की बाबा, म्हाताऱ्याला धावा काढू दे, त्याचं मन राख. मी ऐकत होतो की बाबा, काही झालं तरी मैदान सोडू नको, सगळ्यांचं पोट तुझ्या हातात आहे. मी भिंतीकडं गेलो आणि सांगितलं. बाप भिंतीवर होता. त्यानं जन्मात माझ्या खेळाला बरं म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "मंग हात सैल नको सोडू बे."

मोठा साहेब उंच होता, मिशा पांढऱ्या. मी टाकलेला पहिला चेंडू त्यानं नुसता अडवला. दुसराही. माझा चेंडू पडायचा त्या जागी त्या दिवशी रुपया ठेवला असता तर घासून गुळगुळीत झाला असता. षटक संपलं. इंजनसाहेब ओरडला नाही, म्हणून भिंतच ओरडली, "मैदान!" पुढचं संपलं, पुन्हा "मैदान!" इंजनसाहेब धावत माझ्याकडं आला. तोंड मिरचीसारखं. "वासा! नो मेडन! नो मेडन!"

"हो साहेब, नाही देत," मी म्हणालो, आणि मनात म्हटलं, साहेब घाबरला आहे, आणखी आवळून टाकलं पाहिजे. आवळून टाकलं. भिंतीवर बाप उभा राहिला होता, डोक्याचं मुंडासं सोडून हवेत हलवत होता. शेवटी मोठ्या साहेबाचा धीर सुटला. त्यानं फळी आडवी फिरवली आणि मधली काठी उपटून मागं गेली.

गावानं आरोळी ठोकली. मोठ्या साहेबानं काठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि जाता जाता मला एक शब्द म्हणाला. तो शब्द भिंतीपर्यंत गेला. "बैल," असं सगळ्यांनी ऐकलं. पुढं आणखी काही होतं, ते कोणाला कळलं नाही. पण बैल सगळ्यांना कळला. इंजनसाहेब गठाणीला टेकून खाली बसला होता.

दुसऱ्या दिवशी मोठा साहेब टांग्यात बसून गेला. थोड्याच दिवसांत इंजन विझलं. भोंगा शेवटचा झाला तो कोणाच्या लक्षातही राहिला नाही, कारण तो शेवटचा आहे हे कोणाला माहीत नव्हतं. इंजनसाहेब निघाला तेव्हा मी वाटेवर उभा होतो. त्यानं चेंडू परत मागितला नाही. मान हलवली आणि गेला.

पेच आमच्याकडचाच बंद झाला असं नाही. पुढं कळलं की जिथं कोणी चेंडू टाकला नव्हता तिथलेही बंद झाले. पण उपाशी गावाला विलायत दिसत नाही, वासा दिसतो. साहेबाला चिडवलं, साहेब बैल म्हणाला आणि पेच गेला, असं ठरून गेलं. पानठेल्यावर मी गेलो की गप्पा थांबायच्या. चिलीम माझ्यापर्यंत यायची नाही. पोरं मागून ओरडायची, "मैदान! मैदान!"  बाप माझ्याबरोबर जेवायला बसायचा बंद झाला, एवढंच.

ही बातमी बोरी अरबला पोचली. सासरे बंडी जुंपून आले. बैल सोडले नाहीत, जू मानेवर तसंच ठेवलं, ह्यावरूनच मी समजलो की लगेच परत निघायचं आहे. ओसरीवर बसले. मायनं पाण्याचा गडू पुढं केला, त्यांनी हात लावला नाही.

"पोरीले धाडा," ते म्हणाले. "अखाडी हाये."

अखाडीच्या सणाला लेकी माहेरी नेतात, पण अखाडी तेव्हा लांब होती. सगळ्यांना ठाऊक होतं.

बाप भिंतीकडं पाहत म्हणाला, "न्या. आमी अडवत नाही."

"अन् मागून काडीमोड करून टाका. सारं गाव ज्याले बैल म्हणते त्याच्या घरी मी पोर ठेवू काय? माह्या पोरीचा पाट लावाले माणसं हायेत."

मी खांबाला धरून उभा होतो.  पेच मीच बुडवला असं तेव्हा मलाही वाटत होतं. तिनं जावं, तिकडं पोटभर खावं, हेही वाटलं. आणि ती गेली तर मी पुन्हा गव्हाणीत तोंड घालणार, हेही वाटलं. हे तिन्ही एकाच वेळी वाटलं.

"चाल वं, गाठोडं बांध," सासरे म्हणाले.

तुळसा उठली. घरात गेली नाही, गोठ्याकडं गेली. मला वाटलं गाईला हात फिरवायला गेली असेल. परत आली ती अंगणाच्या मधोमध बसली, मांडी घालून. मांडीवर लाल चेंडू.

"हे काय?" सासरे.

"चेंडू. चामड्याचा. मेल्या ढोराच्या कातड्याचा."

"टाक ते!"

"टाकत नाही. शिवली मी आता. अशी बंडीत बसवता काय मले? घरी मायनं इचारलं तं काय सांगसान?"

"आंघोळ कर अन् चाल."

"आंघोळ करीन अन् पुन्हा शिवीन. पुन्हा करीन, पुन्हा शिवीन. बा, तुमचे बैल थकतीन उभे राहून, मी नाही थकत."

माझी माय तोंडाला पदर लावून उभी होती. विटाळाचा कायदा तिचा होता, आता तो तिच्याच अंगणात बसला होता.

सासरे हळू आवाजात म्हणाले, "अवं पोरी, लोक त्याले बैल म्हणून राह्यले."

"म्हणू द्या. बैलाच्याच जिवावर बोरीवरून आले ना तुमी? का चालत आले?"

 बैलांनी मान हलवली, गळ्यातल्या घुंगरांचा आवाज झाला. सासरे पोरीकडं पाहत राहिले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. रडताहेत की हसताहेत ते मला आजही सांगता येणार नाही.

"पाणी तरी देसान?" ते म्हणाले.

"मोटेचं हाये," तुळसा म्हणाली. "चालन काय?"

"आण वं माय," ते म्हणाले. "आण."

त्यांनी गडू रिकामा केला आणि एकटेच बंडीत बसले. मायनं तुळसाला आंघोळ कर म्हटलं नाही. ती चेंडू घेऊन उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली. तेव्हापासून चेंडू चुलीजवळच्या कोनाड्यात. तो काढ असं घरात कोणी म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात. पेच दुसऱ्या मालकानं पुन्हा चालू केला, गाव हळूहळू बोलायला लागलं. यवतमाळच्या गोऱ्यांना माझा हात आठवत होता. ते हिवाळ्यात बोलवायला लागले, मग अमरावतीचेही. दिवसभर चेंडू टाकायचे, जेवायला तंबूच्या बाहेर वेगळं बसायचं. खांदा जाईपर्यंत मी हे केलं. बड्या बड्या साहेबांच्या काठ्या उडवल्या. अमरावतीला एक शिकलेला पोरगा आमच्यात खेळायचा. त्याला मी सहज ही मैदानाची गोष्ट सांगितली. तो हसून लोळला. म्हणाला, "काका, मेडन म्हणजे कुंवारी पोर. ज्या षटकाले कोणी हात लावला नाही ते षटक." मग त्यानं विचारलं, मोठा साहेब जाताना नेमकं काय म्हणाला. मी म्हणालो, बैल. आणखी काही? हो, बैल बोल असं काहीतरी. तो पोरगा हसायचा थांबला. "वेल बोल्ड म्हणाला असंन, काका. म्हणजे छान टाकला. साहेबानं तुमची तारीफ केलती."

मी घरी येऊन तुळसाला पहिली गोष्ट सांगितली. कुंवाऱ्या पोरीची. ती उखळाला धरून हसली. "म्हणजे इतकी वर्षं तुमी कुंवाऱ्या पोरी मोजून राह्यलते, अन् सारं गाव भिंतीवर बसून मोजत होतं!" मग दुसरी सांगितली.  तिनं ओसरीकडं पाहिलं, जिथं माझा बाप बसायचा. बाप तोवर गेलता. आपल्या पोरानं साहेबाला चिडवलं आणि पेच बुडवला, असं मनात घेऊनच तो गेला. त्याला सांगायला मी दोन पावसाळे उशीर केला. त्यात माझी चूक नाही, पण सल आहे तो आहे.

"तुले तेव्हाच माहीत होतं काय?" मी तिला विचारलं. "साहेब चिडला नाही म्हणून?"

"मले कुठून माहीत राहीन?" ती म्हणाली. "मले वाटे तुमीच बुडवला पेच."

"मंग काहून बसली अंगणात?"

तिनं सूप पुढं ओढलं. सुपात तूर होती ती पाखडायला लागली. मीही पुन्हा विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला पाहिजे होतं.

ती गेली त्या दिवशी बायांनी तिला न्हाऊ घातलं, तेव्हा मी कोनाड्यातून चेंडू काढून तिच्या हाताशी ठेवला. रंग उडालेला, शिवण फुगलेली. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, चामडं नको, विटाळ होतो. मी म्हटलं, तिला नेत आहात ना तुम्ही, मग आता कायचा विटाळ. मनात आलं होतं की चेंडू पाहून तरी तिला कोणी नेणार नाही. पण ह्या वेळी कोणी थांबलं नाही. चेंडू तिच्याबरोबर गेला.

सून चांगली आहे. वेळेवर वाढते, ताट पाटावर ठेवते. पायली कोठीत आहे, मी मागितली नाही. घास घेताना मान खाली जाते. नातवंडं त्यांच्या मायला जाऊन सांगतात, आबा जेवताना रडून राह्यला. त्यांना सांगायचं म्हणून हे लिहिलं. रडत नाही. हात पोचत नाही.